रानातला मुक्काम कुठे करावा?

वाचकहो, अरण्याची सहल ठरली की आपण आधी वाघाचा विचार करतो. रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न शेवटी येतो. बरोबर ज्येष्ठ माणूस वा लहान मूल असेल, तर तो पहिला असावा.

माझ्या वडिलांना पंचाहत्तरीत मेळघाटातील रात्र अनुभवायची होती. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या ९ क्षेत्रांपैकी हे एक. येथे मुक्कामाचे दोन पर्याय असतात. सेमाडोह आणि सिपना नदीकाठचे कोलकास येथील वनविभागाची निवासस्थाने थेट रानात आहेत. चिखलदरा, परतवाडा येथे मात्र बाजारपेठ आणि दवाखाना जवळ. वडिलांना हृदयविकार, रात्री दोनदा उठावेही लागते. ‘नको’ म्हणणे सोपे होते. पण या वयातील इच्छा पुढच्या वर्षावर टाकणे किती कठीण असते, हे आपणही जाणता.

त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही दोन रात्रींची विभागणी केली. पहिली चिखलदऱ्यात, कारण तेथे ग्रामीण रुग्णालय आहे. घाटाचा प्रवास त्यांना सोसला, झोप शांत लागली, तेव्हाच दुसरी कोलकासला.

आरक्षणापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. शौचालय खोलीला लागून आहे का? वीज गेल्यास सोय काय? फोनला रेंज नसताना रात्री वाहन कसे मिळेल? उत्तरे समाधानकारक नसतील, तर जवळच्या गावी राहावे. पहाटे उठून रानात जाता येतेच.

रानात जमिनीवर झोपू नये. खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. ती डासांप्रमाणेच मण्यारीलाही दूर ठेवते. हा विषारी साप रात्री फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर दंशाची खूण शोधत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. नेहमीची औषधे आणि विजेरी उशाशी असावी. अंधारात पाय खाली टेकण्यापूर्वी उजेड पाडावा.

कोलकासला वडील उशिरापर्यंत व्हरांड्यात सिपनेचा आवाज ऐकत बसले होते. सारी व्यवस्था आधीच झालेली असल्याने आम्हीही त्यांच्याशेजारी निश्चिंतपणे बसू शकलो.