धूर उन्हात गेला, विष गेले नाही

माझी आई गोधड्या उन्हात घालताना एकच वाक्य म्हणायची, "ऊन लागलं की समदं शुद्ध होतं." पावसाळा सरला की अंगणात गोधड्या, उशा, धान्य, डाळी ओळीने मांडलेल्या असत. तिचे चुकत नव्हते. उन्हाने ओल जाते, बुरशी जाते, क्षयाचे जंतूसुद्धा मरतात. पण हेच वाक्य ती चुलीच्या धुरालाही लावायची. पुढे अनेक वर्षे मीही तेच करीत राहिले. आज त्या चुकीबद्दल लिहायचे आहे.

आमचे घर दोन खोल्यांचे, पत्र्याचे. कोपऱ्यात चूल. जळण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, नाहीतर बाभळीच्या काटक्या. पावसाळ्यात ओले सरपण पेटत नसे. आई फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घेई. आम्ही खोकलो की म्हणे, "बाहेर व्हा रे. धूर वर गेला की ऊन गिळतं त्याला." पन्नाशी ओलांडल्यावर तिला दम लागू लागला. डॉक्टरांनी विचारले, "बिडी ओढता का?" आईला हसू आले. बिडी तिने कधी हातात धरली नव्हती. पण चुलीपुढे बसून तिच्या फुप्फुसांनी जन्मभर धूर ओढला होता. 2014 साली ती गेली.

तेव्हापासून महिला मंडळाच्या बैठकीत मी सांगू लागले, "बायांनो, चूल घराबाहेर काढा." मी स्वतः तेच केले. स्वयंपाक गॅसवर आणि आंघोळीच्या पाण्याची चूल मागच्या बोळात. एके दिवशी शेजारीण म्हणाली, "ताई, तुमचा धूर आमच्या घरात येतो. पोरगं रात्रभर खोकतं." मी म्हणाले, "अगं, उघड्यावर आहे. वाऱ्या-उन्हात विरून जातो." आईचेच वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले होते.

माझा भाचा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करतो. गेल्या हिवाळ्यात तो राहायला आला आणि बोळातली चूल पाहून म्हणाला, "मावशी, उन्हात धूर नुसता विरत नाही, बदलतो." मी बी.कॉम. झालेली, रसायनाशी माझा संबंध नाही. म्हणून त्याला साध्या भाषेत सांगायला लावले. जे समजले ते असे.

लाकूड, गोवरी, पऱ्हाटी पूर्ण जळत नाही. अर्धवट जळण्यातून धूर होतो. त्यात काजळी असते, डांबरासारखी द्रव्ये असतात आणि अनेक वाफा असतात. यातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून अंदाज करा. असे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

हा धूर उन्हात गेला की दुसरे प्रकरण सुरू होते. सूर्यप्रकाशामुळे हवेत हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय चपळ घटक तयार होतात. सेकंदभरही न टिकणारे, पण भेटेल त्याच्याशी क्रिया करणारे. ते धुरातल्या वाफांवर तुटून पडतात. त्या वाफा बदलून कणांवर थरासारख्या बसतात. कणांमधल्या काही द्रव्यांपासून क्विनोन नावाची रसायने बनतात. ती फुप्फुसाच्या पेशीत गेली की पुन्हा पुन्हा तीच क्रिया करीत पेशींना जाळणारे घटक तयार करतात. त्यातून सूज येते, दम्याच्या माणसाचा त्रास वाढतो.

ग्रीस देशात 2012 नंतर घर तापवायचे तेल महाग झाले, तेव्हा अथेन्समधले लोक हिवाळ्यात लाकडे जाळू लागले. इंधन महागले की गरीब काय करतो, हे तिथेही इथेही सारखेच. लाकडाच्या धुराचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 2019 साली दाखवले, की हवेतल्या अशा क्रियांनंतर धुराच्या कणांची पेशींवर ताण आणण्याची रासायनिक क्षमता सरासरी सुमारे दुप्पट होते.

सगळेच विष वाढते असे मात्र नाही. कर्करोगाला कारण होणारी काही द्रव्ये उन्हात मोडतातही. फार वेळ ऊन लागले तर धुराचा तपकिरी रंगही फिका पडतो. पण रंग उडाला म्हणजे विष उडाले, असे समजू नये. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, ऊन कर्ज फेडत नाही, एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकते. आईच्या नावावरचा धूर मी शेजारणीच्या पोराच्या नावावर टाकला होता.

म्हणून धूर घरातच कोंडा, असे कोणी समजू नका. कोंडलेला धूर सर्वांत घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुराने 2020 साली जगात 32 लाख माणसे दगावली. चूल पेटवावीच लागली तर ती बाहेर किंवा धुराड्याखाली असावी, सरपण सुके असावे. पण काम तिथे संपत नाही. धूर मुळातच कमी झाला पाहिजे. 2016 च्या उज्ज्वला योजनेतून कितीतरी घरांत गॅस आला, पण सिलिंडर संपल्यावर नव्याचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न बायांच्या कपाळी राहिलाच. तो प्रश्न ग्रामसभेत, वॉर्डात आपणच मांडायला हवा.

माझ्यापुरते मी एवढे केले. शेजारणीच्या घरी जाऊन सांगितले, "बाई, माझं चुकलं." बोळातली चूल मोडली. बाहेरून काळा रंग दिलेले दोन पत्र्याचे डबे पाणी भरून छतावर ठेवले. दुपारपर्यंत पाणी चांगले गरम होते, पोरांच्या आंघोळी आता संध्याकाळी होतात. पावसाळ्यात अडचण येते, तेव्हा थोडा गॅस खर्ची पडतो.

आई असती तर तिला म्हणाले असते, ऊन तुझ्या गोधड्यांना खुशाल लाव. पाणीही त्याच्याकडून तापवून घे. फक्त धूर धुवायचे काम त्याला सांगू नकोस.