लाल शाई

छत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकविली. अखेरीस मुख्याध्यापक झालो, तरी मराठीचा तास कधी सोडला नाही. या काळात निबंधांच्या किती वह्या तपासल्या, याचा हिशेब मला देता येणार नाही. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका, पसरट वाक्ये, उसने अलंकार, यांतले काहीही माझ्या लाल शाईच्या तावडीतून सुटत नसे. निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि एक जाडजूड कोरी वही दिली. "सर, आता तुम्ही लिहा, आम्ही वाचू," असे एक जण म्हणाला. सारे हसले, मीही हसलो. घरी येऊन ती वही कपाटात ठेवली आणि आठ महिने तिला हात लावला नाही.

लिहिण्याजोगे काही नव्हते, असे मुळीच नाही. आमचे येडगाव कुकडी नदीच्या काठचे. १९७७ साली येथील धरण पूर्ण झाले. या धरणातून निघालेला डावा कालवा पार श्रीगोंदा, कर्जतच्या कोरड्या मुलखापर्यंत पाणी नेतो. तिकडच्या शेतकऱ्याला ते वरदान वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु धरणापूर्वीची नदी मी पाहिली आहे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाण्याचा उतार, त्याखालचा खोल डोह, काठावरचा आमचा लहानसा मळा आणि पहाटे ऐकू येणारी मोटेची कुरकुर, हे सारे आता पाण्याखाली आहे. ते पाहिलेली माणसे वर्षागणिक कमी होत चालली आहेत. हे कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे, असे मला सारखे वाटे.

परंतु लेखणी हाती घेतली, की एक ओळ लिहावी आणि लगेच खोडावी, असे होई. हे वाक्य ओबडधोबड आहे. हे तर कोणालाही सुचले असते. लोक म्हणतील, 'एवढे शिकलेले गुरुजी आणि लिहिणे हे असे!' मुलांच्या वह्यांवर फिरलेली माझी लाल शाई आता माझ्याच मनात उतरली होती. फरक इतकाच, की मुलांचा निबंध लिहून झाल्यावर मी खुणा करीत असे आणि स्वतःचा मात्र लिहिण्याआधीच तपाशीत होतो.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास घेतली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. त्या काळच्या बहुतेक मुलींप्रमाणे त्यांना शाळा मिळाली नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. पती कवी नारायण वामन टिळक यांचा मोठा लौकिक. त्यांच्या शेजारी आपण काय लिहावे, असे म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी लिहिले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय साठीच्या पुढे होते. स्वतःच्या फजितीचे प्रसंगही त्यांनी हसत हसत, घरात बोलतो तशा भाषेत सांगितले, आणि ते पुस्तक मराठीचे भूषण ठरले. हे पुस्तक मी वर्गात कितीदा शिकविले होते! तरी त्यातला माझ्यासाठी असलेला धडा मी शिकलो नव्हतो.

तो धडा मला शिकविला माझ्या नातीने. ती सहावीत आहे. एके संध्याकाळी तिने विचारले, "आजोबा, धरण नव्हतं तेव्हा नदी कशी होती?" मी सांगू लागलो. उतार सांगितला, डोह सांगितला, आमचा मळा सांगितला. तासभर मी बोलत होतो. एकही वाक्य अडले नाही, एकही शब्द शोधावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिने वही पुढे केली. मी सांगितलेले तिने सारे लिहून काढले होते. सवयीने माझा हात लाल लेखणीकडे गेला. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. पण शेवटची ओळ वाचली आणि हात थांबला. तिने लिहिले होते, 'मळ्यात पाणी शिरले ते सांगताना आजोबा रडले नाहीत, पण बोलायचे थांबले.'

त्या ओळीत मी खूण करण्यासारखे काय होते? जे घडले, ते तिने पाहिले आणि पाहिले तसे लिहिले. त्या रात्री मी कपाटातली कोरी वही काढली. नातीला सांगितले तसेच लिहीत गेलो. पान भरेपर्यंत मागे वळून वाचायचे नाही, असा नियमच केला.

पहाटे उठून ते पान मी मारुतीच्या देवळाजवळच्या फळ्यावर खडूने उतरविले. खाली नाव लिहिताना हात किंचित कापला, हे कबूल करतो. दिवसभर मी त्या वाटेने गेलो नाही. सायंकाळी एक वयोवृद्ध शेतकरी घरी आले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी एका मुलाकडून फळा वाचून घेतला होता.

"गुरुजी, लिव्हलंय झ्याक," ते म्हणाले, "पण त्या डोहावर जांभूळ कुठं व्हतं? उंबर व्हता तो."

क्षणभर माझा चेहरा उतरला. ज्याची भीती होती, तेच घडले होते. चारचौघांत माझी चूक निघाली होती. पण लगेच ध्यानात आले, की त्या माणसाने माझा शब्द न् शब्द कान देऊन ऐकला होता आणि ती नदी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. एवढ्यासाठीच तर मी लिहिले होते. आम्ही दोघे फळ्यापाशी गेलो. मी 'जांभूळ' खोडून लाल खडूने 'उंबर' असे लिहिले. जमलेली मुले हसली, म्हातारेबुवा हसले आणि मलाही हसू आले. बोलता बोलता त्यांनी उतारावरच्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या पुढच्या आठवड्यात फळ्यावर आल्या.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांना निबंध लिहिताना माझ्यासारखेच वाटत असेल. 'मला जमेल का? लोक हसतील का?' असे विचार येतील. ते आजही मला येतात. कोरे पान पुढे आले, की मन कचरतेच. पण आता मी त्यांना सांगतो, 'थोडे थांबा, आधी लिहून होऊ द्या.' चुका सुधारता येतात. मात्र कोऱ्या पानावर सुधारायला काहीच नसते. माझी लाल लेखणी मी टाकून दिलेली नाही. ती टेबलावरच असते, पण टोपण लावून. आणि पान लिहून पुरे झाल्याखेरीज ते टोपण मी काढीत नाही.