र्‍यूक्यूचे राजदप्तर : घर सुटले म्हणून उरलेले

मार्च १८७९. जपानी सैनिक आणि पोलीस शुरीत उतरले, राजा शो ताई याने किल्ला सोडला आणि सुमारे साडेचारशे वर्षांचे र्‍यूक्यूचे राज्य ओकिनावा नावाचा जपानी प्रांत झाले. राज्य बुडाल्यावर राजाचे काय झाले, हे इतिहासाची पुस्तके सांगतात. त्याच्या दप्तराचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

राज्यकारभाराचे कागद नव्या सरकारने जप्त करून तोक्योला गृहखात्यात नेले. १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत ते जळाले. चीन, कोरिया, सयाम, मलाक्का यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा संग्रह असलेल्या ‘रेकिदाइ होआन’ची राजप्रतही त्यांत होती. कुमे वस्तीत जपलेली दुसरी प्रत १९४५ च्या युद्धात गेली. आज अभ्यासक वाचतात त्या नकला. त्यांतली सर्वांत महत्त्वाची तैवानात आहे. नकलनवीसांचे ऋण इतिहासाने अजून पुरते मानलेले नाही.

राजघराण्याच्या खाजगी वस्तूंपैकी काही शुरीतच, नाकागुसुकु उदुन या वाड्यात राहिल्या. ओकिनावाची लढाई पेटली तेव्हा सेवकांनी त्या आवारातल्या नालीत लपवल्या. लढाईनंतर नाली रिकामी होती.

उरले ते राजघराण्याबरोबर तोक्योला गेलेले. म्हणून विलीनीकरणाचे उपकार मानावेत काय? मुळीच नाही, जप्त केलेले दप्तर त्याच तोक्योत राख झाले. तोक्यो सुरक्षित नव्हते आणि शुरीही नव्हते. सगळे एका छपराखाली नव्हते, एवढ्यामुळेच काही वाचले.

शो ताईचा पणतू शो हिरोशी याने १९९५-९६ मध्ये हा वारसा नाहा शहराला दान केला. तो बाजारात गेला असता तर मुकुट एकीकडे आणि यादी दुसरीकडे, अशी गत झाली असती. २००६ मध्ये त्यातील १,२५१ वस्तू जपानचा राष्ट्रीय ठेवा ठरल्या. रत्नजडित मुकुट आणि राजवस्त्रे पाहायला गर्दी होते. पण त्या १,२५१ पैकी १,१६६ नुसते कागद आहेत, कलावस्तू अवघ्या ८५. १८६६ मध्ये शो ताईला राजपद बहाल करण्यासाठी आलेल्या चिनी दूतांच्या सरबराईच्या नोंदी या कागदांत सापडतात. दरबार प्रत्यक्ष कसा चालत असे, हे मुकुट सांगू शकत नाही.

नालीतून नाहीशा झालेल्या वस्तूंचा शोध अमेरिकेपर्यंत पोहोचला. मृत्यूनंतर काढलेली राजांची भव्य चित्रे कामाकुरा योशितारो याने १९२० च्या दशकात टिपली होती. त्या काचपट्ट्यांमुळे जगाला ती केवळ कृष्णधवल रूपात ठाऊक होती. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका माळ्यावर सापडलेल्या २२ वस्तू ओकिनावाला परत मिळाल्या. त्यांत राजचित्रेही होती, मूळ रंगांसह. नाकागुसुकु उदुनमधला दुसरा मुकुट मात्र अमेरिकेच्या तपासयंत्रणेच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत अजून तसाच आहे.