दयेचे चित्र

'दया' हा शब्द आपल्या कानांस फार परिचयाचा झाला आहे. आणि अतिपरिचयाने शब्दाची धार बोथट होते, असा अनुभव आहे. भिकाऱ्याच्या थाळीत टाकलेला पैसा म्हणजे दया, चुकार मुलाची शिक्षा माफ करणे म्हणजे दया, एवढाच अर्थ पुष्कळांच्या मनात उरलेला दिसतो. यंदा ईस्टर सणानंतर आम्ही वरच्या वर्गांतील मुलामुलींस एक अनुबोधपट दाखविला. त्या निमित्ताने या शब्दाचा थोडा विचार करावा, असे मनात आले.

'दि ओरिजिनल इमेज ऑफ डिव्हाइन मर्सी' नावाचा हा पट २०१६ साली निघाला. त्याचा नायक कोणी मनुष्य नसून एक तैलचित्र आहे. पोलंड देशातील फाउस्टिना कोवाल्स्का ही धर्मभगिनी जेमतेम तीन वर्षे शाळेत गेलेली. मठात तिने स्वयंपाकीण, माळीण व द्वारपालिका अशी कामे केली. २२ फेब्रुवारी १९३१ रोजी रात्री तिला प्रभू येशूचे दर्शन झाले, असे तिने लिहून ठेविले आहे. अंगावर शुभ्र वस्त्र, एक हात आशीर्वादासाठी उचललेला, आणि छातीपासून निघालेले दोन किरण, एक तांबडा व एक फिकट. असेच चित्र काढवून घे, व त्याखाली 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' या अर्थाचे शब्द लिहीव, अशी तिला आज्ञा झाली. पुढे फादर सोपोच्को यांच्या खटपटीने १९३४ साली व्हिल्निअस शहरी काझिमिरोव्स्की नामक चित्रकाराने ते रंगविले. पाहिलेल्या रूपाची सर चित्रास आली नाही म्हणून फाउस्टिना रडली. तेव्हा चित्राचे मोठेपण रंगात किंवा कुंचल्यात नसून कृपेत आहे, असे तिला समजले. १९३८ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती वारली.

त्या चित्राने मात्र पुष्कळ वनवास भोगला. सोव्हिएत अमलात चर्चे बंद झाली. चित्र काही काळ लपवावे लागले. नंतर ते बेलारूसमधील एका खेड्यातील चर्चमध्ये गेले. १९७० साली तेही बंद पडले, तरी चित्र भिंतीवर तसेच राहिले, व १९८६ साली गुपचूप व्हिल्निअसला परत आणले गेले. इकडे रोमनेही १९५९ साली या भक्तीस घातलेला प्रतिबंध १९७८ साली उठविला. ३० एप्रिल २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी फाउस्टिनास संतपद दिले आणि ईस्टरनंतरचा रविवार ईश्वरी दयेचा रविवार म्हणून पाळावा, असे जाहीर केले. त्याच रविवारी प्रभूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमाचे वृत्त वाचतात. आपल्या जिल्ह्यांतील चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा. ती परंपरा स्वतःचे मूळ याच थोमापर्यंत नेते.

पट संपल्यावर भामरागडकडील एका माडिया मुलाने हळूच विचारले, "सर, दया घेणाऱ्याला लाज का वाटते?" प्रश्नाचे मूळ आम्हांस ठाऊक होते. मागल्या हिवाळ्यात काही पाहुण्यांनी वसतिगृहात घोंगड्या वाटल्या. एकेका मुलास नावाने पुढे बोलावून छायाचित्र काढण्यात आले. या मुलाची घोंगडी थंडीभर पेटीत घडी घातलेलीच राहिली.

आम्ही त्यास फाउस्टिनाच्या दैनंदिनीतील एक प्रसंग सांगितला. पावसाच्या दिवशी मठाच्या दाराशी एक अनवाणी, थंडीने काकडलेला तरुण आला आणि त्याने काही ऊन खावयास मागितले. तिने आत जाऊन सूप शोधले, त्यात पाव कुस्करला आणि त्यास नेऊन दिले. त्याने वाडगा परत केल्यावर तिला कळले की, दाराशी प्रभूच आला होता. जी देणाऱ्यास उंच चढविते ती खरी दया नव्हे. खऱ्या दयेत देणाराच लवतो.

दुसरा दाखला त्याच्याच मुलखातला. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांच्या संगमावरील भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे झोपडीत राहिले. आरंभी लोक भिऊन जवळ येत नसत. तेव्हा या दांपत्याने माडिया भाषा शिकून घेतली. शिकलेल्या डॉक्टरांनी अरण्यातील माणसांपुढे विद्यार्थी व्हावे, हीदेखील दयाच होय. हे कार्य काही ख्रिस्ती धर्माच्या नावाने झालेले नाही; पण त्यातील दया ओळखावयास आम्हांस अडचण पडत नाही.

कृती, शब्द व प्रार्थना असे दयेचे तीन मार्ग फाउस्टिनाने सांगितले आहेत. विद्यार्थिमित्रांनो, पैसा नसला तरी हे तिन्ही तुम्हांस मोकळे आहेत. पर्लकोटेस पूर आल्यामुळे कोणी सोबती उशिरा शाळेत पोहोचला, तर त्याच्या चिखललेल्या कपड्यांस न हसता आपली वही त्याच्यापुढे सरकवा. त्याच्या भाषेतील चार शब्द त्याच्यापाशी बसून शिका.

वसतिगृहातील मुलांनी मिळून एक गोष्ट ठरविली आहे. यापुढे सर्व घोंगड्या एका उघड्या कपाटात राहतील. ज्यास थंडी वाजेल त्याने कोणास न विचारता घ्यावी. त्या मुलाने आपली घोंगडी पेटीतून काढून सर्वांत आधी तेथे नेऊन ठेविली.