पर्याय ‘क’वर बोट ठेवण्याआधी

सांगली

प्रिय सुमे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एवढ्याचं उत्तर अंगठ्याने टाइप करणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की कामावरचा तो सक्तीचा सुरक्षा कोर्स तू एका हाताने भाजी चिरत, दुसऱ्याने ‘पुढे, पुढे’ दाबत उरकलास. शेवटच्या क्विझला आधी नापास झालीस, मग चार पर्याय बदलून पास. सर्टिफिकेट आलं, पण आता त्यातलं ओ की ठो आठवत नाही. तेव्हा पन्नाशीच्या माणसांच्या परीक्षा घेणं बंद करा, असा तुझा फतवा. आणि हे तू कुणाला सांगतेस, तर पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स बनवणाऱ्या आणि दिवसभर प्रश्न काढत बसणाऱ्या बाईला!

फतवा मला निम्मा मान्य आहे. तुमच्या कॅनडाचं सरकारसुद्धा नागरिकत्वाची परीक्षा 18 ते 54 वयाच्यांचीच घेतं, 20 पैकी 15 उत्तरं बरोबर आली की काम झालं, आणि 55 लागलं की माफी. थोडी थांबली असतीस तर सुटली असतीस. पण गंमत बघ, त्या परीक्षेसाठी तू घरभर चिठ्ठ्या चिकटवून नवऱ्याकडून रोज प्रश्न विचारून घ्यायचीस, ते सगळं तुला अजून पाठ आहे. मागच्या फोनवर मला प्रांतांच्या राजधान्या ऐकवल्यास की नाही? सुरक्षा कोर्सातलं मात्र काही उरलं नाही. राजधान्यांच्या वेळी उत्तर डोक्यातून ओढून काढावं लागत होतं. सुरक्षा कोर्सात शेवटी एक टोलनाका होता, तो तू पैसे भरून ओलांडलास.

सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके या दोघांचा 2006 चा एक प्रयोग आहे, तो मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक साहेबाला सांगते. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्रातल्या ऑटरवर. एका गटाने उतारा चार वेळा नुसता वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून बाजूला ठेवला आणि तीन वेळा आठवेल तेवढं लिहून काढलं. आठवड्याने विचारलं, तर वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना 61. तसल्याच दुसऱ्या एका फेरीत पाच मिनिटांतच विचारून बघितलं, तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहणार असा भरवसा कुणाला जास्त होता? वाचणाऱ्यांनाच. आमच्या संस्थांचे मॅनेजर ‘व्हिडिओ दोनदा बघितला मॅडम, सगळं समजलं’ म्हणतात ना, तेव्हा मला हे वाचणारेच दिसतात.

आणि भाजी चिरण्यावरही उपाय आहे. हार्वर्डमध्ये 2013 साली एकवीस मिनिटांचं संख्याशास्त्राचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर त्यावरचे छोटे प्रश्न घातले. त्या गटाचं मन भरकटणं इतरांच्या निम्म्यावर आलं आणि टिपणं जवळपास तिप्पट झाली. पुढच्या वळणावर कुणीतरी विचारणार आहे एवढं कळलं, की माणूस सुरी खाली ठेवतो. म्हणून आमचा व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, की लगेच एक प्रश्न. तोही मार्कांचा नाही.

आता तुला आमचा एक प्रश्न दाखवते. काउंटरवर एक बाई आल्यात. नवरा वारलाय. त्याची दोन लाखांची ठेव आहे, मूल नाही, मृत्युपत्र नाही, नॉमिनी म्हणून दिराचं नाव. दीर म्हणतो, नॉमिनी मी, पैसे माझे. तुम्ही काय सांगाल? अ, पैसे दिराचे. ब, संस्था पैसे दिराच्या हाती देईल, पण ते त्याच्याकडे वारसांचे म्हणून जातील. क, कोर्टातून वारस दाखला आणल्याशिवाय कुणालाच देता येणार नाहीत.

वीस वर्षं काउंटरवर बसलेली माणसं धडाधड ‘अ’ दाबतात. नवीन लागलेली पोरं घाबरून ‘क’ दाबतात, कारण कागद जास्त मागितला की आपण सुरक्षित, हे नोकरीत पहिल्याच महिन्यात शिकवलं जातं. बरोबर उत्तर ‘ब’. बँकेतल्या ठेवींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 सालीच सांगितलंय, की नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा हक्क असतो, मालकी वारसांची. हे आम्ही उत्तर दाबल्या क्षणी, त्याच स्क्रीनवर, चार ओळींत सांगतो. दाबायच्या आधी आणखी एक गोष्ट विचारतो: खात्री किती? पूर्ण, थोडी, की अंदाज?

ही खात्रीची भानगड मला फार आवडते. कोलंबिया विद्यापीठातल्या बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी 2001 साली दाखवलं, की माणूस ज्या उत्तराबद्दल ठाम असतो आणि ते चुकतं, तीच चूक खरं उत्तर कळल्यावर सगळ्यात पक्की दुरुस्त होते. अंदाजाने चुकलेलं तितकं सुधारत नाही. म्हणजे आमची जुनी खोडं, ज्यांच्याबद्दल सगळे म्हणतात की यांना आता काय शिकवणार, त्यांना असा एक प्रश्न बरोबर लागला तर तो चांगलाच लागतो. एक वसुली अधिकारी माझ्याशी फोनवर अर्धा तास भांडले. तुमचं उत्तर चुकलंय म्हणाले. मग निकालाची प्रत मागवली, वाचली, आणि आता सगळ्या तालुक्याला तेच सांगत फिरतात. दहा मार्कांच्या पेपराने हे झालं नसतं, आणि हा प्रश्न पंचवीस वर्षांच्या पोराला विचारला असता तरीही नाही, कारण ठाम चुकायलासुद्धा अनुभव लागतो.

मात्र उत्तरामागचं कारण त्याच वेळी दिलं नाही, तर बहुपर्यायी प्रश्न उलटू शकतो. चुकीचा पर्याय दाबलेला असतो, डोक्यात तोच राहतो, आणि पुढे कधीतरी ‘कोर्सात असंच होतं’ म्हणून तोच सांगितला जातो. तुझ्या कोर्सने नुसतं ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं ना? हा आळशीपणा मला सहन होत नाही.

पर्याय लिहिणं हाही एक धंदा आहे बरं. सगळ्यात लांब पर्याय बरोबर, ‘वरीलपैकी सर्व’ असेल तर तेच, आणि काहीच सुचलं नाही तर ‘क’, एवढ्या भांडवलावर आपल्याकडे अर्ध्या परीक्षा पास होतात. चौथा पर्याय तर बहुतेक वेळा भरतीचा असतो. मायकेल रॉड्रिग्ज यांनी 2005 साली तब्बल ऐंशी वर्षांचं संशोधन चाळून तीन पर्याय पुरतात असं म्हटलंय, आणि मी ते शिरसावंद्य मानून कित्येक संध्याकाळी वाचवल्या आहेत. आणि ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य नाही?’ असं लिहिणाऱ्याला मी काउंटरवर बसवीन, सोमवारी, बाजारच्या दिवशी.

कॉपी? होते की. कोर्सची लिंक यायच्या आधी ग्रुपवर ‘1-ब, 2-अ, 3-क’ येऊन पडलेलं असतं. पर्यायांचा क्रम बदलला तर स्क्रीनशॉट येतात. मला त्याचा पूर्वीसारखा राग येत नाही. पास होण्यावर वेतनवाढ टांगून ठेवली, की शहाणा माणूस उत्तरं गोळा करणारच. त्याहून वाईट वाटतं ते मॅनेजर आपला मोबाइल गुपचूप कनिष्ठ लिपिकाकडे देतात, ‘जरा माझा कोर्स करून टाक’ म्हणून, तेव्हा. पंचावन्न वर्षांच्या माणसाला आपण सातवीच्या वर्गात उभे आहोत असं वाटायला लागलं की तो दुसरं काय करेल? म्हणून आमच्याकडे गुण ज्याचे त्यालाच दिसतात, प्रयत्न हवे तितके, आणि घड्याळ लावत नाही. मध्येच ठेवीदार आला तर प्रश्न तिथेच थांबतो. आपल्याकडच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सयोजनेचा नियम मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. बारा आठवड्यांच्या कोर्सात दर आठवड्याचा स्वाध्याय असतो, पण त्यातले सर्वोत्तम आठच धरतात, 25 गुणांना. उरलेले 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. चार आठवडे घरात लग्न, आजारपण, मार्चअखेर काहीही येऊ शकतं, हे कुणीतरी धरून चाललंय.

रडणाऱ्या बाईशी कसं बोलायचं, ते मात्र कुठल्याच पर्यायात मावत नाही. त्यासाठी आम्ही दोन मिनिटांचा ऑडिओ मागवतो: ठेवीदाराला समजावून सांगा. तपासायला जीव जातो, म्हणून कोर्सभरात एकदाच. आणि कोर्स संपल्यावर आठवड्याने, मग महिन्याने, व्हॉट्सॲपवर एकेक प्रश्न जातो. उत्तर दिलं नाही तरी कुणी विचारत नाही. बहुतेक जण देतात, रात्री साडेनऊनंतर, जेवणं झाल्यावर.

असो. या सगळ्यावरून एक कामाचं आठवलं. काकूंच्या ठेवी गावच्या पतसंस्थेत आहेत ना अजून? त्यावर नॉमिनी कोण लावलाय ते दादाला विचार, आणि दादाच असेल तर मृत्युपत्राचंही एकदा बोलून घ्या, तुम्हा भावंडांत नंतर वितुष्ट नको. शिवाय बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. आमच्या कोर्सात हाही प्रश्न आहे आणि बरेच जण त्यातही पडतात. सगळी रक्कम एकाच ठिकाणी असेल तर थोडी हलवायला सांग. मुदत संपायची तारीख पावतीवरच असते. दादाला फोटो काढून पाठवायला सांग, मी बघते.

तुझी,
मंदा