जातां जातां चार सूचना

बिऱ्हाड हलवून जाणाऱ्या भाडेकरूचें बोलणें घरमालकानें अवश्य ऐकावें, असें आमचें मत आहे. घरांत राहणारा भाडेकरू तक्रार करतो ती कांहीं पदरांत पाडून घेण्यासाठीं. घर पाहावयास येणारा नांवें ठेवतो तीं भाडें कमी व्हावें म्हणून. परंतु सामान बांधून झालेला मनुष्य जेव्हां सांगतो कीं, पावसाळ्यांत न्हाणीघराचा कोपरा गळतो, तेव्हां त्यांत त्याचा स्वतःचा लाभ कांहींच नसतो. आम्ही असेंच एक घर सोडून निघालों आहों. मात्र तें विटामातीचें नाहीं. ज्या ऑनलाइन खेळांत आमच्या सतरा वर्षांच्या शनिवारच्या रात्री गेल्या, त्याचा आम्हीं नुकताच निरोप घेतला. खेळाचें नांव सांगत नाहीं. कारण आमचा कोणावर राग नाहीं, आणि ज्या सूचना करावयाच्या आहेत त्या या जातीच्या कोणत्याही वृद्ध खेळास लागू पडतील.

ज्या वाचकांनीं असले खेळ पाहिले नसतील त्यांना इतकेंच सांगतों कीं, हा बुद्धिबळासारखा डाव नव्हे. हा एक गांव आहे. १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनीं केवळ अक्षरांनीं वर्णिलेलें असें एक जग संगणकावर उभारलें. पुढें १९९७ सालीं 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ सालीं 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ सालीं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ त्याच परंपरेंत निघाले. बुद्धिबळ म्हातारें होत नाहीं. दोन माणसें समोरासमोर बसलीं कीं त्याचें काम भागतें. हे खेळ म्हातारे होतात, कारण त्यांना वस्ती लागते, आणि वस्ती उठून जाऊं शकते.

आमचें मंडळ, ज्यास खेळाच्या भाषेंत गिल्ड म्हणतात, तें चौदा जणांचें होतें. त्यांत नागपूरचे एक औषधविक्रेते होते. जहाज बंदरास लागलें म्हणजे येणारे एक रत्नागिरीकर गृहस्थ होते. आणि टोरांटोस स्थायिक झालेला आमचा चुलतभाऊ होता. त्याची व आमची प्रत्यक्ष भेट पांच वर्षांत एकदां होई. परंतु दर शनिवारीं एखाद्या राक्षसाच्या गुहेबाहेर उभे राहून आम्ही घरच्या गोष्टी बोलत असूं. काकांचें दुखणें बरें होण्यासारखें नाहीं, हें आम्हीं त्यास तेथेंच सांगितलें. जे या खेळांस निव्वळ कालापव्यय म्हणतात, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

आमची पहिली सूचना तळमजल्याविषयीं आहे. जुन्या खेळाचे चालक इमारतीवर वरचेवर नवा मजला चढवितात. नवा प्रदेश, नवीं शस्त्रें, नव्या पायऱ्या. जुने रहिवासी वर जातात आणि खालचे मजले ओस पडतात. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुतणीनें मोठ्या हौसेनें या खेळांत पाऊल टाकिलें. आरंभींच्या गांवांत तिला एकही माणूस भेटला नाहीं. जी कामगिरी पांच जणांनीं मिळून करावयाची, तिच्यासाठीं ती दोन संध्याकाळ वाट पाहत उभी राहिली, आणि तिसऱ्या दिवशीं, "काका, इथें कोणीच राहत नाहीं कां?" असें विचारून तिनें खेळ बंद केला. आम्हीं खालीं उतरून तिला सोबत करावी, तर आमच्या एका फटक्यासरशीं शत्रू गारद होत आणि तिला करण्यासारखें कांहींच उरत नसे. यावर उपाय नाहीं असें नाहीं. 'फायनल फँटसी फोर्टीन' या खेळांत अनुभवी खेळाडू जुन्या गुहेंत उतरला म्हणजे त्याचें बळ तेवढ्यापुरतें तेथील पायरीइतकें कमी केलें जातें, आणि नवख्यांबरोबर गेल्याबद्दल त्यास बक्षीसही मिळतें.

दुसरी सूचना दुकानाविषयीं. म्हातारपणीं उत्पन्न घटतें, हें आम्हांस समजतें. पोशाख विकावे, शोभेचीं वाहनें विकावीं. परंतु श्रमानें मिळवावयाची वस्तु पैशानें विकूं नये. मे २०१२ मध्यें निघालेल्या 'डायब्लो थ्री' या खेळांत शस्त्रांचा लिलावबाजार मांडला होता, आणि त्यांत खरे पैसे चालत. उत्तम तलवार बाजारांत तयार मिळूं लागल्यावर राक्षसाशीं झुंजावयाचें कशासाठीं, हा प्रश्न उत्पन्न झाला. शेवटीं १८ मार्च २०१४ रोजीं चालकांनीं स्वतःच तो बाजार बंद केला. आमच्या नागपूरच्या स्नेह्यांनीं चार महिने खपून मिळविलेली ढाल पुढच्याच महिन्यांत आमच्या खेळाच्या दुकानांत नऊशें रुपयांस दिसली. ते रागावले नाहींत. फक्त पुढच्या शनिवारीं आले नाहींत.

तिसरी सूचना विचारपूस करण्याविषयीं. नोव्हेंबर २००५ मध्यें 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'च्या चालकांनीं नव्या गिऱ्हाइकांच्या आशेनें खेळाची रचना एकाएकीं पालटली. जुने लोक दुखावले, अनेक सोडून गेले. आणि डिसेंबर २०११ मध्यें तो खेळ बंद पडला. उलट 'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा खेळ २००७ सालच्या जतन करून ठेविलेल्या प्रतीवरून २०१३ सालीं पुन्हां सुरू झाला. तेथें नवी भर घालावयाची तर खेळाडूंचें मत घेण्याची रीत पडली. प्रथम शेंकडा ७५ मतें अनुकूल असावीं लागत, पुढें ही मर्यादा ७० वर आणिली. ही रीत आम्हांस पसंत आहे. तथापि तींत एक खोंच आहे. मत देणारे सारे आधींच आंत बसलेले असतात. आगगाडीच्या भरलेल्या डब्यांतील उतारूंस विचारलें, तर पुढच्या स्टेशनावर दार उघडावें असें कितीजण म्हणतील? यास्तव आमच्यासारख्या जुन्यांचें मत घ्यावें. परंतु जे आठवड्याच्या आंत सोडून गेले, त्यांनाही पत्र घालून कारण विचारावें. आमच्या पुतणीस कोणीं विचारलें नाहीं.

चौथी सूचना मृत्युपत्राची. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजीं बंद झाला. कालांतरानें चाहत्यांनीं खासगी रीतीनें तो पुन्हां चालविला, आणि जानेवारी २०२४ मध्यें 'होमकमिंग' नांवाच्या अशाच एका चाहत्यांच्या मंडळीस मालकांनीं रीतसर परवाना दिला. जें अकरा वर्षांनीं करतां आलें, तें आधींच ठरवून ठेवणें अशक्य नाहीं. दिवा मालवावयाचा दिवस पुष्कळ आधीं सांगावा. रहिवाशांस आपलीं चित्रें व संभाषणें जपून नेऊं द्यावीं. आणि किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची तें लिहून ठेवावें.

चुलतभावाशीं आतां रविवारीं फोनवर बोलणें होतें. परंतु दोन पुरुष केवळ बोलण्यासाठीं म्हणून समोरासमोर आले, कीं दहा मिनिटांत विषय संपतात. गुहेबाहेर ते संपत नसत, कारण हात कांहींतरी करीत असत. ही उणीव भरून निघेल असें दिसत नाहीं. पण चौदांपैकीं बारा गेल्यावर उरलेल्या दोघांनीं तेथें उभें राहणें अधिक जड होऊं लागलें, म्हणून आम्ही दोघेही निघालों.

निघण्यापूर्वीं साठविलेलीं सारीं नाणीं घेऊन आम्ही आरंभींच्या गांवांत गेलों. म्हटलें, कोणी नवखा भेटला तर त्यास द्यावीं. तासभर उभे राहिलों. कोणी आलें नाहीं. शेवटीं तीं मंडळाच्या तिजोरींत ठेवून आम्हीं खेळ बंद केला. चालकांनीं या सूचना मानल्या, तर आम्हांस परत बोलावण्याची तसदी घेऊं नये. पत्र आमच्या पुतणीस घालावें.