एका हाताने उघडणारी पेटी

मनोरीत राहायचं तर खाडी हिशेबात धरूनच. दवाखाने, औषधांची दुकानं सगळं पलीकडे मालाडला. मध्ये मार्वेची फेरीबोट. ती नसेल तर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा. म्हणून घरात, होडीवर आणि सासूबाईंजवळ प्रथमोपचाराची छोटी पेटी ठेवायचं आम्ही ठरवलं. गॉज, बँडेज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, चिमटा, बोथट टोकाची कात्री, ओआरएस, पॅरासिटामॉल, अशी यादी चटकन झाली. घोडं अडलं ते हे सगळं ठेवायचं कशात यावर.

सासूबाईंनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला. मजबूत होता, पण खाऱ्या हवेत पत्र्याच्या कडा गंजतात आणि झाकण बसलं की निघत नाही. शिवाय बिस्किटांचं चित्र असलेला डबा लहान मुलं खाऊ समजूनच उघडणार. त्यात गोळ्या ठेवणं धोक्याचं. घरासाठी मग पारदर्शक प्लास्टिकचा डबा घेतला. काय संपलंय ते बाहेरूनच दिसतं. तो मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला.

होडीसाठी मी चारही बाजूंनी खटके असलेला हवाबंद डबा आणला. दिराने तो ओल्या हाताने उघडून पाहिला आणि परत दिला. ‘‘वहिनी, याला तिसरा हात लागेल.’’ त्याचं खरं होतं. गळ रुतला किंवा दोरीने तळहात सोलवटला, तर पेटी उघडणाराच जखमी असतो. त्या दिवसापासून प्रत्येक डब्याची परीक्षा ठरली: हात ओला, तोही डावा, आणि एकच. रुंद तोंडाची, खाचांच्या मोठ्या झाकणाची प्लास्टिकची बरणी यात पास झाली. गुडघ्यांत धरली की एका हाताने फिरते. भरून बादलीत सोडली, तर तरंगलीही. आतलं सामान झिपच्या पिशव्यांत घातलं आणि बरणीच्या गळ्याला दोरी बांधली.

होडीवर दुसरंही एक भांडं लागतं, ते म्हणजे गरम पाण्याचा थर्मास. पाकटाचा काटा लागला की वेदना असह्य होतात. त्याचं विष उष्णतेने निष्प्रभ होतं, म्हणून जखमेचा हात-पाय सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. पाणी आधी धड हाताने तपासायचं, नाहीतर भाजायचं. काटा छाती-पोटात रुतला असेल तर तो उपटायचा नाही. आराम पडला तरी डॉक्टरांकडे जायचंच.

सासूबाईंचा दिवस वलांडीपाशी, बोंबील सुकवण्यात जातो. त्यांना बोट कापलं तर बांधायला पट्टी, गॉज आणि चिमटा एवढंच हवं. त्यांनी चष्म्याची जुनी कडक केस निवडली. अंगठ्याने दाबली की टपकन उघडते, चिमटा लांबीला बरोबर बसतो आणि केस कमरेच्या पिशवीत मावते.

छोट्या पेटीत मावावं म्हणून गोळ्यांची पट्टी कापतो, तेव्हा मुदतीची तारीख बहुधा कापलेल्या तुकड्यासोबत जाते. म्हणून मी नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी आत घालते. पुतण्याने बरणीवर लाल क्रॉस रंगवला होता, तो पुसायला लावला. ते चिन्ह परवानगीशिवाय वापरायला भारतात १९६०च्या जिनिव्हा कराराच्या कायद्याने मनाई आहे. प्रथमोपचारासाठी हिरव्यावर पांढरा क्रॉस चालतो.

अमेरिकेत १८८८ साली जॉन्सन अँड जॉन्सनने प्रथमोपचाराच्या पेट्या काढल्या, त्या रेल्वेमार्गावर राबणाऱ्या मजुरांसाठी. दवाखाना लांब आणि जखम कामावर, ही अडचण आमच्यासारखीच.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सगळ्या पेट्या ओट्यावर येतात. बरणीच्या आट्यांतलं मीठ गोड्या पाण्याने धुते, उन्हाने चिकटपणा गेलेल्या पट्ट्या फेकते. होडीची बरणी बरीचशी भरलेली निघते, चष्म्याची केस मात्र दरवेळी रिकामी. वलांडीवरच्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं ना, ती कुणाच्या कमरेला आहे ते!